भुरका

आमच्या घरात खोटं बोललेलं एक वेळ चालायचं, पण जेवताना तोंडाचा आवाज झालेला चालायचा नाही. चहा पितानाही नाही. बाबा बशीतला चहा असे प्यायचे, की शेजारी बसलेल्याला तो कधी संपला ते कळू नये. ताक, कढी, आमरस, वरणभात, भुरका मारायला माणसाला जे जे म्हणून मिळतं ते सगळं आमच्याकडे ओठ मिटून गुपचूप गिळलं जायचं. चुकून माझा आवाज झालाच तर बाबा बोलायचे नाहीत. हातातला घास ताटात ठेवायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे. मी तोंड पुसून नीट बसेपर्यंत तो घास ताटातच. त्यांनी मला एकदाच मारलं, तेही यावरूनच, आणि ती चापट मला अजून आठवते. दहावीच्या सहामाहीत मी गणितात नापास झाले तेव्हा मात्र बाबा ‘होते कधी कधी’ म्हणून मोकळे झाले होते. आता यात कोणता न्याय, तुम्हीच सांगा.

आम्ही दारव्ह्याला राहायचो, विहाराला लागून असलेल्या वस्तीत. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर, आणि दोहोंच्या मधे बाबांची म्हणून एक अरुंद खोली, जिची खिडकी मागच्या सांदीत उघडायची. बाबांची ड्यूटी कधीही लागायची, दिवसा झोपायला त्यांना बंद दार लागायचं, म्हणून ती खोली. घरात आम्ही चौघं: बाबा, आई, मी आणि कौसाआत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर चार दिवस म्हणून आली ती राहिलीच, आणि आल्या दिवसापासून आम्हीच तिच्याकडे पाहुणे असल्यासारखी वागायला लागली. बाबा एसटीत कंडक्टर होते. आवाज असा, की त्यांनी स्टँडवर ‘चला यवतमाळ’ म्हटलं की रसवंतीत बसलेला माणूस हातातला गिलास ठेवून उठायचा. रविवारी विहारात वंदना तेच सांगायचे. ते पुढं, सगळी वस्ती मागं. लहानपणी मला वाटायचं, बाबा नसले तर विहारात कुणाला काही म्हणताच येणार नाही.

आणि त्याच तोंडात दिवसभर खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून पानठेलेवाला घासून देतो, तो. आमच्याकडचा माणूस एक वेळ चहाला नाही म्हणेल, खर्ऱ्याला म्हणणार नाही. आई म्हणायची, “तोंडाचा उकिरडा करून ठेवला तुमी.” बाबा हसायचे, आणि हसताना तोंड मोठं उघडायचे, तेही हळूहळू कमी होत गेलं. आधी भाकरीचा मोठा घास जाईना, मग तीन बोटं जाईनात, मग दोन. शेवटी गालात आतून एक फोड आला तो बसेचना. नागपूरला मोठ्या दवाखान्यात गालाचा आणि जबड्याचा तुकडा काढला. माझा जावई आजही खिशात ती पन्नी घेऊन माझ्या घरी येतो. मी ती त्याच्यादेखत कचऱ्यात टाकते. तो मला घाबरतो, आणि घाबरलेलाच बरा.

बाबा नागपूरहून आले ते सोयाबीन पिवळं पडायच्या दिवसांत. डावा गाल आत गेलेला, ओठाचा कोपरा खाली ओढलेला, आणि तिथून सारखं पाणी गळायचं म्हणून हातात एक मऊ पांढरा रुमाल. तोंड उघडायचं ते बोटभर. शब्द फुटके यायचे, आम्हाला सवयीनं कळायचे, बाहेरच्याला नाही. वस्तीतली माणसं भेटायला येत, तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेत. डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं होतं की जखम भरली आहे, पण अजून किरणांचे शेक द्यायचे आहेत, आणि अंगात ताकद नसेल तर शेक देता येणार नाहीत. पुढच्या खेपेला वजन वाढलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर नाकातून पोटात नळी. ती नळी बाबांनी दवाखान्यात शेजारच्या खाटेवर पाहिली होती. परत येताना बसमध्ये त्यांनी आईला एवढंच सांगितलं, “नळी टाकली तं मी घरी येत नाही. पाह्यजो मंग.” ते बोललेलं करणारे होते, म्हणून आईनं ते वाक्य घरी आल्यावर आम्हा दोघींना सांगितलं आणि चुलीपुढं बसून राहिली.

तर बाबांनी खाणं, एवढं एकच काम त्या घरात उरलं होतं. आई तांदळाची पेज करायची, मुगाचं पाणी करायची, केळं दुधात कुसकरायची. मीठ बेताचं, मिरचीचं नाव नाही. बाबा वाटी घ्यायचे, खोलीत जायचे आणि दाराला आतून कडी लावायचे. ज्या माणसाच्या डाव्या हाताला मी जन्मापासून जेवायला बसले, त्या माणसाचं जेवण आता कुणी बघायचं नाही असं ठरलं होतं. थोड्या वेळानं कडी निघायची, रिकामी वाटी बाहेर यायची, आणि आई वाटीत डोकावून म्हणायची, “संपवलं बरं सगळं.” घरात आम्ही तिघीही दबून बोलायचो. आत्यासुद्धा, जिला दबून बोलणं म्हणजे काय हे तोवर माहीत नव्हतं. पण सगळं संपवणाऱ्या माणसाचा गळा दिवसेंदिवस बारीक कसा होतो, शर्ट खांद्यावरून खाली कसा उतरतो, हे विचारायची हिंमत तिघींपैकी एकीलाही होत नव्हती.

शेजारच्या शोभामावशीच्या कोंबड्या होत्या. एरवी त्या उकिरड्यावर असायच्या. एका दुपारी मी सांदीत वाळत घातलेले कपडे काढायला गेले तर सगळ्या कोंबड्या बाबांच्या खिडकीखाली उभ्या. काही टिपत नव्हत्या, नुसत्या माना वर करून उभ्या होत्या. मला आधी हसू आलं. तेवढ्यात खिडकीच्या गजांतून बाबांचा हात बाहेर आला, हातात वाटी होती, आणि पेज खाली पडली. कोंबड्या तुटून पडल्या. बाबांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं. त्यांनी खिडकी लावून घेतली, आणि मी घरात येईपर्यंत रिकामी वाटी आईच्या हातात होती आणि आई वाटीत डोकावून तेच म्हणत होती.

मी तिला तिथंच सांगितलं. तिनं वाटी पालथी घातली आणि तिच्यावर हात ठेवून बसली. “रोज?” तिनं विचारलं. मी म्हटलं, कोंबड्यांना वेळ माहीत आहे, म्हणजे रोजच. मग आई उठून दारापाशी गेली. “अवो, तोंडाले चव नाही लागत का? आग होते का? काय करू सांगा नं.” आतून उत्तर आलं ते, “पोट भरलं.” आई कितीतरी वेळ दाराला हात लावून उभी होती. नागपूरची तारीख पंधरवड्यावर आली होती.

मला त्या वेळी जपानचे भंतेजी आठवले. हे काय मधेच, असं तुम्हाला वाटेल, पण डोकं असंच चालतं. आदल्या हिवाळ्यात नागपूरहून कुठंतरी जाताना ते आमच्या वस्तीत मुक्कामाला होते. भोजनदानाची एका सकाळची पाळी आमच्याकडे होती. आईनं बिनमिरचीचा स्वयंपाक केला, म्हणजे तिच्या मते बिनमिरचीचा, तरी भंतेजींचे डोळे पहिल्याच घासाला लाल झाले. मग त्यांनी हात जोडले, झोळीतून एक पुडकं काढलं आणि खुणेनं चूल मागितली. पुडक्यात आपल्या शेवयांसारख्या लांब काड्या होत्या. त्या त्यांनी उकळत्या पाण्यात शिजवून थंड पाण्यात धुतल्या. दुसऱ्या गंजात कसलीशी पूड टाकून पाणी गरम केलं, काळ्या रसाचे थोडे थेंब टाकले, पातीचा कांदा चिरून वर भुरभुरला. झालं. फोडणी नाही, हळद नाही. आईनं त्या पुडीचा वास घेतला आणि माझ्या कानात म्हणाली, “हे तं सुकट होय व.” आणि होतंही तसंच. वाळक्या मासोळीचा, पण सौम्य वास.

मग भंतेजींनी वाडगा दोन्ही हातांनी तोंडापाशी नेला आणि असा काही भुरका मारला की मी फस्सकन हसले. ओठ जेमतेम विलग झाले होते, आणि शेवया सरसर आत चालल्या होत्या. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी घास ताटात ठेवला होता. कोणाकडे बघावं हे त्यांना कळत नव्हतं. पाहुणा, त्यातून भंतेजी, त्यांना काय म्हणणार? त्यांच्यासोबत नागपूरचे एक उपासक होते, त्यांना जपानी भाषा यायची. ते म्हणाले, “त्यांच्याकडे असंच खातात. आवाज केला नाही तर करणारीला वाटतं, आवडलं नाही.” बाबा म्हणाले, “अस्सं.” संध्याकाळी आईला म्हणाले, “तेईच्या देशात चालत असंन,” आणि विषय संपला.

मला भंतेजींचे ते जेमतेम विलग झालेले ओठ आठवले होते. चमचा बाबांच्या तोंडात जात नव्हता. वाटीनं प्यायलं तर ओठाच्या कोपऱ्यातून अर्धं बाहेर यायचं. पण शेवया तर बोटभर फटीतून ओढता येतात. मी आईला सांगितलं. आत्यानं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “शेवयात मासोई? माय व. दूधसाखर सोडून शेवयात मासोई टाकाले निंगाली पोट्टी. अकरावीत गेली की डोकं फिरते का यायचं?” पण आई उठली होती. उन्हाळ्यात तिनं आणि आत्यानं मिळून हातानं ओढलेल्या शेवया डब्यात होत्या. केसासारख्या बारीक, आणि आत्याच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या भागाच्या जास्त बारीक. बाजाराच्या दिवशी मी सुकट आणली. काळा रस स्टँडजवळच्या चायनीजच्या गाडीवरून, औषधाच्या धुतलेल्या बाटलीत. सोयाबीनचा असतो म्हटल्यावर आत्या बाटली उजेडात धरून बघत राहिली. “घराभोवती अख्खं शिवार सोयाबीनचं, अन् हे तुले गाडीवरून आनावं लागलं,” ती म्हणाली.

आईनं सुकट निवडली, डोकी काढली, धुतली, मंद आचेवर गंज ठेवला. उकळी येऊ द्यायची नाही, असं मी सांगत होते, जसं काही मी जपानला जाऊन आले होते. पाणी नुसतं हलत राहिलं पाहिजे. तासाभरानं ते पंच्यातून गाळलं तेव्हा खाली स्वच्छ, फिक्कं पिवळं पाणी राहिलं. आईनं पाट्यावर आल्याचा तुकडा आणि लसणाची एक कळी वाटली, पाण्यात पिळली, काळ्या रसाचे थेंब टाकले. शेवया वेगळ्या शिजवून धुऊन वाटीत, वरून पाणी, वर कांद्याची पात. तिघींनी बोट बुडवून चाखलं. आत्या म्हणाली, “हे कोन खाईन? याले तं काहीच लागत नाही.” म्हणजे जमलं होतं.

बाबा वाटी घेऊन आत गेले. कडी लागली. आम्ही तिघी चुलीपाशी बसलो. मग आतून असा आवाज आला, की आई बसल्या जागेवरून उडाली. कण्हणं म्हणावं तर त्याहून मोठं. दार धाडकन उघडलं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि रुमाल तोंडावर दाबलेला होता. वाटी त्यांनी आपटली नाही, खाली ठेवली, आणि ते मला जास्त लागलं. “मले मारून टाकाचं असंन तं सरळ सांगा,” ते म्हणाले. दार पुन्हा लागलं. आई विहाराकडे हात करून शपथा घेत होती की मिरची टाकली नाही. आत्या म्हणे, त्या काळ्या बाटलीतच काहीतरी आहे. मी म्हणे, बाटलीत काही नाही. आम्ही तिघींनी ते पाणी पुन्हा चाखलं, तिघींना काहीच तिखट लागलं नाही. लागणार कसं? आमच्या जिभा ठेच्यावर पोसलेल्या. शेवटी आत्या उठली, पाट्यापाशी गेली, ओलं बोट पाट्यावर घासून जिभेवर ठेवलं आणि थुंकून आईला म्हणाली, “शशे, या दगडात तुह्या सासूच्या हातची मिरची मुरून हाये. धुऊन का जाते ते?” आई पाट्याकडे असं बघत राहिली, जसं घरातल्या माणसानंच दगा दिला.

दोन दिवस बाबांनी दार उघडलं नाही, म्हणजे पाण्यापुरतं आणि न्हाणीपुरतं उघडलं. वाटी नेली की आतून नुसतं “नोको.” आई चिडली, रडली, मग तिनं दोन्ही सोडलं आणि कपडे धुवायला घेतले. तिसऱ्या दिवशी मी सगळं पुन्हा केलं. आलं चाकूनं चिरलं, नवीन गिलासाच्या बुडानं चेचलं, लसूण टाकलाच नाही. वाटी घेऊन दारापाशी बसले आणि म्हणाले, “बाबा, पाट्यावर नाही वाटलं. पाट्यात जुनी मिरची होती. आत्यानं चाखून पाह्यलं.” मी वाटी दारापाशी सरकवली. मी म्हटलं, “आत्या थुंकली, बाबा. आपली आत्या.” बऱ्याच वेळानं कडी निघाली. हातापुरतं दार उघडलं, वाटी आत गेली, कडी लागली. मी तिथंच, दाराला कान लावून बसले.

आणि मग तो आवाज आला. बारीकसा. सुर्र. शेवया आत गेल्या होत्या, गळ्याखाली उतरल्या होत्या, मला ते गिळणंसुद्धा ऐकू आलं. मी आईकडे वळून मान हलवली. आईनं दोन्ही हात जोडले. आणि त्यानंतर काहीच नाही. पुढचा घास नाही. आत एक माणूस वाटी हातात घेऊन बसला आहे, उपाशी आहे, खाता येतंय हे त्याला आता कळलंय, आणि तो खात नाही. मग खिडकीची कडी वाजली आणि सांदीत कोंबड्यांची गडबड उडाली.

मी आत्याला म्हटलं, “आवाज आला अन् थांबले व. आवाजालेच थांबले.” आत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पदरानं हात पुसत राहिली, हात कोरडे असताना. मग तिनं सांगितलं. राळेगावकडच्या त्यांच्या गावात पाटलाच्या पोरीचं लग्न होतं. आत्याचे आणि बाबांचे आईबाप त्या लग्नात सरपण फोडायला, पाणी भरायला. जेवायला यांची पंगत सगळ्यांच्या शेवटी, गोठ्याच्या मागं. आत्या तेव्हा दहाबारा वर्षांची, बाबा, म्हणजे तिचा नामा, लहान. दिवसभराचे उपाशी. पत्रावळीवर भात आणि गरम कढी आली. “लेकरंच आमी. लागलो भुरके माराले. कढी का गुपचूप खाता येते? मंग एक पाहुना आला, उभा राह्यला. त्यानं दुसऱ्याले बलावलं. म्हने, पाहा कसे वरपून राह्यले. पुन्हा वाढ रे यायले, पुन्हा आवाज काढतीन. अन् वाढलं नं त्यायनं. पुन्हा वाढलं. भोवती उभे राहून हासत होते. एक जन तोंडानं तसाच आवाज काढून दाखवे. बाप खाली मान घालून खात होता, मालकाचं घर, करतो काय. नामा उठला. एवढासा होता. पत्रावळ तशीच टाकून उठला. तवापासून त्याचा भुरका मी ऐकला नाही. आज तू ऐकला म्हनतं, तं ऐकला असंन.”

मला बाबांची ती चापट आठवली, आणि ताटात ठेवलेला प्रत्येक घास. माझा त्यांच्यावरचा सगळा जुना राग त्या दुपारी भलत्याच माणसांवर गेला, ज्यांना मी कधी पाहिलं नाही. अजूनही तो तिथंच आहे. आज माझी मुलगी पुण्याच्या हॉटेलातून त्या जपानी सुपाचे फोटो पाठवते, मोठा वाडगा, अर्धं उकडलेलं अंडं, काळ्या पानाचा तुकडा, आणि विचारते, “आई, हेच का गं ते?” मी म्हणते, हो, दिसतं तसंच. त्या वाडग्यात काय नाही हे तिला फोनवर कुठं सांगत बसू?

दुसऱ्या दिवशी मी चार वाट्या भरल्या. आई म्हणाली, आपल्याला कशाला, आपली भाकर आहे. मी म्हटलं, असू दे. बाबांची वाटी दिली, कडी लागली. मी माझी वाटी घेऊन त्यांच्या दारासमोर मांडी घातली. आत्या आणि आई चुलीपाशी. वाटी तोंडाला लावली आणि पहिला भुरका मला जमलाच नाही. जन्मात कधी मारला असेल तर ना. ठसका लागला. दुसरा मारला तो अख्ख्या घरात ऐकू गेला.

“वैशे,” आई दबक्या आवाजात म्हणाली, “वेडी झाली का तू?”

मी तिसरा मारला. कडी निघाली. दार उघडलं आणि बाबा उंबऱ्यात उभे राहिले, भरलेली वाटी डाव्या हातात, उजवा हात मोकळा. माझी नजर त्या मोकळ्या हातावरून हलेना. शेवया माझ्या तोंडातून अर्ध्या बाहेर लोंबत होत्या. तोडाव्या तर खाली वाटीत पडतील, ओढाव्या तर आवाज. मी बाबांकडे बघत बघत त्या ओढल्या. सगळ्या. तो भुरका लवकर संपेचना. बाबांचा गाल थरथरत होता. त्यांना एवढं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, किंवा तो राग नसेलही, त्या अर्ध्या चेहऱ्यावर तेव्हा काही वाचता यायचं नाही. “बंद कर,” ते म्हणाले. शब्द फुटका होता, तरी कळला.

तेव्हा चुलीपासून आत्याचा आवाज आला. “नामा, तिच्यावर कायले डोये काढून राह्यला? भंतेजी तुह्या समोर बसून वरपत होते तवा तुले चाललं.” बाबा तिच्याकडे वळले. आत्या आपली वाटी दोन्ही हातांत धरून बसली होती, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. “मीही होतो त्या पंगतीत. मलेही हासले ते. इथी कोनी उभा नाही पाहाले, बापू. हे तुहं घर होय.” आणि तिनं भुरका मारला. माझा तिच्यापुढं काहीच नव्हता. इतक्या वर्षांची कढी त्या बाईनं एका घोटात वसूल केली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती थांबत नव्हती. मग माझी आई, जी नवऱ्याच्या घरात आल्यापासून पाणीसुद्धा आवाज न करता प्यायली, तिनं पदर सावरला, वाटी उचलली, आणि डोळे मिटून, लाजत, एक लहानसा भुरका मारला.

बाबा उभेच होते. मला वाटलं, आता दार लागेल. दार लागलं असतं तर पुढं करण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. ते खाली बसले, उंबऱ्यावरच, आमच्याकडे पाठ करून. शर्टातून पाठीचे मणके दिसत होते. त्यांनी रुमाल मांडीवर ठेवला. वाटी वर गेली. आम्ही तिघींनी माना खाली घातल्या आणि आपापल्या वाटीत तोंड खुपसून जोरजोरात भुरके मारायला लागलो, जसं काही पैज लागली होती. त्या गोंधळात आधी मला कळलंच नाही. मग कळलं, की चौथा आवाज येतो आहे. सुर्र. थांबला. पुन्हा सुर्र, जरा मोठा. माझी वाटी कधीच रिकामी झाली होती, पण मी थांबले नाही. रिकाम्या वाटीचेच भुरके मारत राहिले.

नळीचं नाव पुढं निघालं नाही. शेक झाले, बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले, खर्रा पुन्हा तोंडात गेला नाही, आणि विहारात वंदना पुन्हा त्यांनीच सांगितली, अडखळत. अडखळले की वस्ती थांबून राहायची आणि ते पुढं गेले की मागून म्हणायची. भिंतीकडे तोंड करून झोपणंही सुटलं. आमच्या घरी मात्र कढी तेव्हापासून जी वाजायला लागली ती आजतागायत वाजते. जावयाला पहिल्यांदा जेवायला बसवलं तेव्हा तो दचकून माझ्याकडे बघत राहिला होता.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी बाबांनी वाटी खाली ठेवली, ओठाचा कोपरा रुमालानं पुसला, आणि मागं न वळताच वाटी माझ्या बाजूला सरकवली. “अजून हाये का?” त्यांनी विचारलं. आई वाढायला उठली. मी कपडे काढायचं निमित्त करून सांदीत गेले, कारण मला घरात रडायचं नव्हतं. शोभामावशीच्या कोंबड्या खिडकीखाली माना वर करून उभ्या होत्या. बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि मग एकेक करून उकिरड्याकडे निघून गेल्या.